सगळ्यात हिरवा फ्लास्क

प्रश्न : मॅडम, एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी भातखाचरांतल्या नील-हरित शेवाळाचे १२ प्रकार वेगळे केले आहेत. जैविक खत आणि जैवइंधन, दोन्हीला चालेल असा एक निवडायचा आहे. दोन प्रकार आठवड्याभरात फ्लास्क गच्च हिरवा करतात, बाकीचे रेंगाळतात. या दोघांवरच पुढचं काम करू का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : इतक्यात नको. आधी बघ, तू ते वाढवतेस कशात? बीजी-११ या शेवाळ वाढवायच्या क्षारद्रावणात (माध्यमात) नेहमीचं लिटरला १.५ ग्रॅम सोडियम नायट्रेट असेल, तर आयत्या नत्रावर कोण फोफावतं एवढंच तुला कळलंय. हवेतलं नत्र कोण बांधतं, ते नाही.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. ॲनाबिना या तंतुमय नील-हरित शेवाळाच्या एका प्रकारात हेटेरोसिस्ट, म्हणजे नत्र बांधणाऱ्या खास पेशी, दिसेनात म्हणून मी ती बाद केली. महिन्यांनी, सहज म्हणून, नायट्रेट न घातलेल्या माध्यमात टाकली आणि दोनच दिवसांत दर दहा-बारा पेशींमागे एक फिकट, जाड भिंतीची पेशी दिसू लागली! नत्र बांधणारं नायट्रोजिनेज हे विकर ऑक्सिजनने निकामी होतं. म्हणून ही पेशी प्रकाशसंश्लेषणातली ऑक्सिजन सोडणारी पायरीच बंद ठेवते, साखर शेजारणींकडून घेते आणि बदल्यात त्यांना नत्र देते. आयतं नत्र मिळत असेल तर हा खटाटोप ती कशाला करेल?

तेव्हा बाराही प्रकार नायट्रेटशिवाय तीन-चार वेळा पुढच्या फ्लास्कमध्ये घे. जे टिकतील त्यांची ॲसिटिलीन चाचणी कर. नायट्रोजिनेज ॲसिटिलीनचं इथिलीन करतं, ते मोजायचं आणि आकडा हरितद्रव्याच्या प्रमाणात मांडायचा. नाहीतर दाट फ्लास्क पुन्हा जिंकेल.

मग कुंड्या. त्याच खाचराची माती, निर्जंतुक न करता, वर पाणी आणि भाताची रोपं. माझा सगळ्यात चपळ प्रकार अशा कुंडीत आठ दिवसांत नाहीसा झाला. पाण्यातल्या शिंपल्यासारख्या कवचाच्या बारीक ऑस्ट्राकोडनी तो फस्त केला. बुळबुळीत गोळ्यांनी वाढणारा, मला कंटाळवाणा वाटलेला नॉस्टॉक मात्र तसाच राहिला. शेवाळ वाळवून पुन्हा भिजवल्यावर जागं होतं का, हेही पाहा, कारण हे खत कोरडंच साठवतात. भाताच्या शेतात नत्र बांधण्याचं मोठं काम हे शेवाळ करतं, असं शास्त्रज्ञ पी. के. डे यांनी १९३९ मध्ये दाखवलं. हंगामात हेक्टरी साधारण २०–३० किलो नत्राची भर धरतात, पण शेवाळ शेतात जगलं तरच.

इंधनाचं गणित वेगळं आहे. हिरव्या (नील-हरित नव्हे) शेवाळाला नत्राविना उपाशी ठेवलं की त्यात तेल साठतं. तुझे नत्र बांधणारे प्रकार नायट्रेट काढलं तरी उपाशी राहतच नाहीत! शिवाय नील-हरित शेवाळातले मेद बहुतेक पेशीपटलांतले असतात. क्लोरोफॉर्म-मिथेनॉलने निघालेला सगळा अर्क 'तेल' म्हणून तोलू नकोस, त्यात हरितद्रव्यही येतं. त्यापेक्षा ग्लायकोजेन, म्हणजे पेशीत साठवलेलं पिष्टासारखं कर्बोदक, मोज. त्याचं इथेनॉल करता येतं, किंवा सगळं शेवाळच बायोगॅससाठी कुजवता येतं.

खताला एक आणि इंधनाला दुसरा प्रकार सरस निघाला, तर प्रबंधात दोन्ही नावं लिही. आणि ते रेंगाळणारे दहा आज टाकून देऊ नकोस.