पाइप घेण्याआधी

पिशवी आणि ड्रोन (सतत एकच सूर धरणाऱ्या नळ्या) असलेला पूर्ण स्कॉटिश बॅगपाइप लगेच विकत घेऊ नका. आधी प्रॅक्टिस चँटरवर, म्हणजे तोंडाने फुंकायच्या सरावाच्या साध्या नळीवर, बोटं बसवा. सूर नऊच आहेत, पण खरी मेहनत ग्रेस नोट्सची, म्हणजे मुख्य सुराआधी झटकन येणाऱ्या कणांची. पाइपचा आवाज मध्येच तोडता येत नाही, त्यामुळे तोच सूर लागोपाठ वाजवायचा तर मधे बोटाने कण टाकावाच लागतो. हे कण संथ लयीत, एकेक करून घोटा. चुकीचं बसलेलं बोट सुधारणं फार जड जातं. पिब्रॉखकडे, म्हणजे पाइपच्या अभिजात संगीताकडे, वळाल तेव्हा वाजवण्याआधी गा. जुने उस्ताद तबल्याच्या बोलांसारखे पाइपचे बोल तोंडी म्हणूनच शिकवत. आणि स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतली गाणी ऐकाच! तिथल्या हेब्रिडीज बेटांवर लोकरी कापड आपटताना बायका म्हणत ती गाणी ‘टोबर अन डुअलखिश’ या ध्वनिसंग्रहात मोफत ऐकायला मिळतात.