बडोद्याहून रत्नागिरीला कायमचं जायचंय, समुद्र आणि मुलांच्या शाळा बघून घर कुठल्या भागात घ्यावं?

तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. तुम्ही म्हणताय २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घरात शिरलं तेव्हापासून घरात सगळ्यांचं मन उडालंय, मूळ गाव रत्नागिरीकडचं, मुलगी चौथीत, मुलगा पहिलीत, आईबाबाही बरोबर येणार, आणि मांडवीला समुद्र दिसणारा एक फ्लॅट आवडलाय, ब्रोकर सांगतो की बीच, किल्ला, थिबा पॅलेस, चांगल्या शाळा सगळं दहा-पंधरा मिनिटांवर. (बडोद्याच्या वाचकांसाठी सांगते, ही मांडवी आपली चार दरवाजांमधली नव्हे, रत्नागिरीचा समुद्रकिनारा.)

मी बडोद्याच्या दांडिया बाजारातली, लग्नानंतर तिथलंच मांजलपूर, आणि २०१५ ते २०२१ आम्ही रत्नागिरीत राहिलो, मिस्टरांची नोकरी तिथे होती. पहिलं वर्ष अगदी तुम्ही म्हणताय तसंच समुद्राजवळ भाड्याने, मग वर नाचणे रोडला स्वतःचा फ्लॅट. तो अजून आहे, भाड्याने दिलाय. म्हणजे दोन्ही प्रकार राहून बघितलेत.

ब्रोकर खोटं बोलत नाहीये. शहर छोटं आहे आणि खरंच सगळं जवळ आहे. टिळकांचा जन्म जिथे १८५६ साली झाला ते टिळक आळीतलं घर, सावरकरांच्या प्रयत्नातून १९३१ ला उभं राहिलेलं पतितपावन मंदिर, रत्नदुर्ग किल्ला आणि त्यावरचं भगवतीचं देऊळ, भाट्याचं सुरूचं बन, सगळं एका दिवसात होतं. थिबा पॅलेस माझा सगळ्यात आवडता. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये गादीवरून काढलं आणि रत्नागिरीत आणून ठेवलं, हा राजवाडा १९१० मध्ये तयार झाला आणि १९१६ ला राजा इथेच वारला. आपण बडोद्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्याच्या सावलीत वाढलेली माणसं, आपल्याला राजवाडा म्हटलं की वैभव आठवतं, आणि इथे राजवाडा म्हणजे नजरकैद, माझ्या मुलीला हे कळलं तेव्हा ती किती तरी वेळ त्या व्हरांड्यात गप्प उभी होती. बाहेर गेलात तर आरे-वारेवरून गणपतीपुळे, पुढे मालगुंडला केशवसुतांचं घर, दुसऱ्या बाजूला पावस.

पण सहा वर्षांत आम्ही रत्नदुर्गावर किती वेळा गेलो? पाहुणे आले तेव्हाच. मे महिन्यात बडोद्याहून माणसं येतात, आंबे खातात, त्यांना घेऊन आपण जातो. एरवी मुलांची शाळा, क्लास, डबे, यातच दिवस जातो आणि समुद्र म्हणजे रविवारी संध्याकाळी मांडवीच्या जेटीवर तासभर. तो तासभर फार सुखाचा असतो हेही खरं, पण त्यासाठी घर समुद्राला लागून असायची गरज नाही, नाचण्याहून स्कूटरवर थोड्या वेळात पोचतो. शाळेत मात्र रोज जायचंय, तेही जून-जुलैच्या पावसात. त्यामुळे मी उलट सांगेन, आधी शाळा ठरवा, तिथे प्रवेश मिळतोय का बघा, आणि मग त्या शाळेच्या आसपास घर शोधा.

समुद्राजवळच्या त्या पहिल्या वर्षाबद्दल जरा सविस्तर सांगते कारण हे फ्लॅट दाखवणारा माणूस कधीच सांगत नाही. आम्ही फेब्रुवारीत घर बघितलं, गॅलरीतून समुद्र, वारा, मी तिथेच हो म्हटलं. बडोद्यात वर्षाला साधारण ९०० मिलिमीटर पाऊस पडतो, रत्नागिरीत ३,००० च्या वर, आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. तो सरळ पडत नाही, समुद्रावरून आडवा येतो, त्याला तिकडे झड म्हणतात. स्लायडिंगच्या खिडकीच्या फटीतून पाणी आत, खाली टॉवेल लावून ठेवायचे, रात्री उठून पिळायचे. पश्चिमेच्या भिंतीला जुलैत ओल आली, ऑगस्टमध्ये कपाटाच्या मागे काळी बुरशी, कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत आणि युनिफॉर्मला कुबट वास येतो म्हणून मी इस्त्री करून करून वाळवायचे. खाऱ्या वाऱ्याने ग्रील गंजलं, एसीचा बाहेरचा भाग गेला. मुलाला त्या वर्षी खोकला सुटला नाही. बिल्डरला फोन केला तर तो म्हणाला कोकणात असंच असतं. काही अंशी असतंच, पण वर सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर, समुद्रापासून आत, बांधकाम बरं असेल तर एवढं होत नाही, हे आम्हाला दुसऱ्या घरात कळलं.

म्हणून तो फ्लॅट आवडला असेल तरी टोकन देऊ नका. जुलैत जा, चार दिवस पाऊस लागून राहिला असेल तेव्हा तीच इमारत बघा, वरच्या मजल्यावरच्या कोणाची तरी बेल वाजवा आणि त्यांच्या पश्चिमेच्या भिंतीला हात लावून बघा. मग एकदा एप्रिल-मेमध्ये जा आणि पाणी किती वेळ येतं, टँकर लागतो का, सोसायटीला विहीर किंवा बोअर आहे का ते विचारा. इतका पाऊस पडूनही जांभ्याच्या जमिनीत पाणी ठरत नाही, उन्हाळ्यात टंचाई होते, आपल्याला बडोद्यात बसून हे खरंच वाटत नाही. मिऱ्या, पांढरा समुद्र त्या बाजूला समुद्र जमीन खातोय, तिथे धूपप्रतिबंधक बंधारे घालावे लागलेत, त्यामुळे त्या पट्ट्यात अगदी काठावर घेऊ नका. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत सीआरझेडचे, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे, नियम लागतात, म्हणून कागद वकिलाकडून तपासून घ्या आणि महारेराचा (बिल्डरच्या प्रकल्पाच्या सरकारी नोंदणीचा) नंबर बघा. प्लॉटचा विचार करत असाल तर एनए (बिगरशेती) झालेलाच घ्या, शेतजमीन महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला सरळ घेता येत नाही.

आता शाळा. तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य मला फार भिडलं, की मुलगी घरी मराठी बोलते पण मराठी वाचत नाही. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सगळ्या बडोदा राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, त्यांच्या बडोद्यात आज आपल्याच मुलांना मराठी शाळा शोधायला लागते, हे दुःख माझंही आहे. रत्नागिरीने माझ्या मुलांना जे दिलं त्यात समुद्रापेक्षा हे मोठं आहे. दुकानाच्या पाट्या, एसटीच्या पाट्या, शाळेतलं भाषण, नाटक, सगळं मराठीत. मुलगा बडोद्यात गुजराती माध्यमात दुसरीपर्यंत शिकलेला, तिथे गेल्यावर अक्षरं लिहायचा पण वरची रेघ द्यायचा नाही, गुजरातीत शिरोरेघ नसते ना, बाई वहीवर लाल पेनने फक्त रेघा ओढून द्यायच्या. दिवाळीपर्यंत सवय झाली. मुलं त्याला दोन-तीन महिने ‘गुजराती’ म्हणून हाक मारायची, तो रडला पण, मग क्रिकेटमध्ये जमला आणि ते संपलं. तुमचा मुलगा पहिलीत आहे, त्याला काहीच जड जाणार नाही. मुलीसाठी मात्र आत्तापासून रोज अर्धा तास बालभारतीची पहिली-दुसरीची पुस्तकं मोठ्याने वाचून घ्या.

शहरात जुन्या, नाव असलेल्या शाळा आहेत, फाटक हायस्कूल, पटवर्धन हायस्कूल, शिर्के हायस्कूल, इंग्रजी माध्यमात सेक्रेड हार्ट कॉन्व्हेंट वगैरे. कुठली चांगली हे मी सांगणार नाही, मुलावर आणि त्या वर्षीच्या शिक्षकांवर असतं, तुम्ही स्वतः जाऊन शाळा सुटायच्या वेळी गेटवर उभे राहा आणि दोन-तीन आयांशी बोला. एकूण वातावरण अभ्यासाचं आहे, दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग दरवर्षी राज्यात पहिला असतो ते उगीच नाही. पुढे गोगटे-जोगळेकर कॉलेज १९४५ पासूनचं आहे, इंजिनिअरिंगला फिनोलेक्स अकॅडमी, शिरगावला फिशरीज कॉलेज, आता सरकारी मेडिकल कॉलेजही झालंय. तरी खरं सांगायचं तर बारावीनंतर बरीच मुलं पुण्या-मुंबईला जातातच. बडोद्याच्या एम. एस. युनिव्हर्सिटीसारखं एका गावात फाईन आर्ट्सपासून सगळं मिळेल असं तिथे नाही. तुमची मुलगी चौथीत आहे म्हणजे हा प्रश्न आठ वर्षांवर आहे, पण घर घेताना आठ वर्षं काही लांब नसतात.

भाग म्हणाल तर मारुती मंदिर, साळवी स्टॉप, नाचणे, थिबा पॅलेस रोड हे मला कुटुंबासाठी बरे वाटतात. वरचा भाग आहे, शाळा, दवाखाने, भाजी सगळं जवळ, रिक्षा मिळते. कुवारबावला घरं मोकळी मिळतात आणि स्टेशन तिथेच आहे, पण मुलांची शाळा खाली गावात असली तर रोजची ये-जा होते. मिरकरवाडा मासळीचं मोठं बंदर आहे, ज्यांना ताजी मासळी हवी त्यांना स्वर्ग, पण वासाची सवय नसेल तर आधी तिथे एक दुपार काढून बघा. (१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा गेलात तर अंदाज येणार नाही.)

आईबाबांचं तुम्ही एका ओळीत लिहिलंय, माझ्या मते ते पहिल्या ओळीत हवं होतं. साध्या दुखण्याला तिथे डॉक्टर चांगले आहेत, सिव्हिल हॉस्पिटल आहे, पण हार्टचं किंवा मेंदूचं मोठं काही झालं तर लोक आंबा घाटातून कोल्हापूर गाठतात, साधारण १३० किलोमीटर, आणि पावसात घाटात दरड आली की खोळंबा. बडोद्यात सयाजी हॉस्पिटल रिक्षाने गाठता येतं याची किंमत आम्हाला सासऱ्यांच्या वेळी कळली. आम्ही २०२१ ला परत आलो ते मुख्यतः सासूबाईंसाठी. बाबांना आधीच काही त्रास असेल तर त्यांच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय हा निर्णय घेऊ नका. आणि बडोद्याशी संबंध ठेवायचे तर केरळकडे जाणाऱ्या ओखा, गांधीधाम, अजमेरच्या गाड्या बडोदा आणि रत्नागिरी दोन्हीकडे थांबतात, साधारण सातशे किलोमीटर, पण त्या रोज नाहीत, आणि पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू चालतात.

मी तुमच्या जागी असते तर बडोद्याचं घर विकलं नसतं. ११ महिन्यांच्या करारावर मारुती मंदिरच्या आसपास भाड्याने घेतलं असतं, एक पूर्ण पावसाळा आणि एक मे महिना काढला असता, आणि मग घर बघायला सुरुवात केली असती. शाळेच्या दाखल्याचं मात्र आत्ताच लक्षात ठेवा. दुसऱ्या राज्यातून जाताय तर शाळा सोडल्याच्या दाखल्यावर बडोद्याच्या जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी मागतात, आम्हाला हे जूनमध्ये तिथे पोचल्यावर कळलं आणि मिस्टरांना तेवढ्यासाठी परत यावं लागलं. सुट्टी लागायच्या आधी, एप्रिलमध्येच करून घ्या, आधार आणि जन्मदाखल्यावर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना तेही बघा, गुजरातीतून इंग्रजीत करताना आपल्या आडनावांचं काहीही होतं.