ऑस्ट्रियातल्या पीबर इथल्या डोंगराळ अश्वशाळेमागचं तत्त्वज्ञान काय? घोडा डोंगरात वाढवल्याने खरंच काही फरक पडतो का?

फरक पडतो, पण डोंगरात जादू आहे म्हणून नव्हे. तिथे शिंगराला आधी घोडा होऊ देतात, मग शिकवायला घेतात. बाकी सगळं त्यातूनच येतं.

मी ग्राझला राहतो. पीबर तिथून पश्चिमेला, फार लांब नाही. माझी स्वारी बेताचीच आहे, पण घोडे बघायची आणि तबेल्यातल्या माणसांना प्रश्न विचारून पिडायची हौस मोठी.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमधले ते प्रसिद्ध पांढरे लिपिझानर घोडे पीबरला जन्मतात. मूळची अश्वशाळा 1580 सालची, लिपिका इथली. ते गाव आज स्लोव्हेनियात आहे. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रिया-हंगेरीचं साम्राज्य फुटलं, लिपिका इटलीकडे गेली आणि ऑस्ट्रियाच्या वाट्याचे घोडे 1920 मध्ये पीबरला आणले गेले. शिंगरं जन्मतात ती मात्र काळी नाहीतर तपकिरी. पांढरी व्हायला बहुतेकांना सहा ते दहा वर्षं लागतात, त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्याला आपण चुकीच्या जागी आलो की काय असं वाटतं.

आता मूळ मुद्दा. वर्षाची झाली की तरुण नर शिंगरं उन्हाळ्यात डोंगरमाथ्यावरच्या कुरणांत सोडतात. उंची दीड हजार मीटरच्या आसपास. खोगीर नाही, स्वार नाही. चढ, उतार, दगडगोटे, पाऊस आणि बरोबरीचा कळप. असे दोन-तीन उन्हाळे काढल्यावरच त्यांच्याकडे 'विद्यार्थी' म्हणून बघितलं जातं.

याने खूर आणि पायांचे स्नायुबंध कणखर होतात, छाती भरते, हे कोणीही सांगेल. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते उताराचं गणित. घोडा नुसता उभा असतो तेव्हा त्याचं साधारण 60 टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. शास्त्रशुद्ध स्वारीची सगळी धडपड ते वजन मागच्या पायांवर नेण्यासाठी असते. 'लेवाद'मध्ये घोडा मागचे पाय खाली दुमडून पुढचं धड उचलतो आणि तसाच तोलून धरतो, ते याच धडपडीचं टोक. उतारावरून खाली येणाऱ्या शिंगराला हेच करावं लागतं : मागचे पाय पोटाखाली घ्यायचे, नाहीतर तोंडावर आपटायचं. चाबूकस्वाराने पुढे जे मागायचं, त्याची ओळख शरीराला आधीच झालेली असते. हे माझं निरीक्षण आहे, कुठल्या पाटीवर लिहिलेलं नाही.

दुसरी शिकवण कळपाची. कोणाच्या जवळ जायचं, कोणापुढे मान वळवून बाजूला व्हायचं, हे मोठी शिंगरं दात दाखवून आणि लाथा झाडून शिकवतात. ही रीत आधीच अंगात भिनलेला घोडा माणसाच्या छोट्या इशाऱ्यालाही उत्तर देतो.

चौथ्या वर्षाच्या सुमारास शिक्षण सुरू होतं. शर्यतीच्या दुनियेत दोन वर्षांचे घोडे धावायला लागतात, हे लक्षात घ्या. पहिलं वर्ष नुसतं लांब दोरीवर फिरवणं आणि सरळ पुढे चालवणं. मग वळणं, तोल, दुडकी आखडणं-लांबवणं. सगळ्यात शेवटी अवघड चाली. पूर्ण तयारीला साधारण सहा वर्षं. उड्या आणि लेवाद सगळ्यांच्या वाट्याला येतही नाहीत. ज्याचा जो कल दिसेल तेवढंच त्याच्याकडून घेतात, ओढूनताणून नाही.

स्वारही असाच घडतो. नव्या उमेदवाराला आधी रिकीब आणि लगाम न देता दोरीवरच्या घोड्यावर बसवतात, आणि तो घोडा मुरलेला, म्हातारा असतो. जाणता घोडा नवख्या स्वाराला शिकवतो, जाणता स्वार नवख्या घोड्याला. दोन नवखे एकत्र आणायचे नाहीत. पीबरचं तत्त्वज्ञान विचारलंत तर मी याच नियमावर बोट ठेवीन. ही विद्या बरीचशी तोंडी चालत आली आहे. 2015 मध्ये युनेस्कोने तिला अमूर्त वारशात घेतलं.

सगळं गोडगोड नाही. डोंगरावर कळपात हुंदडलेला घोडा पुढे व्हिएन्नाच्या जुन्या इमारतीत एकेकट्या कप्प्यात राहतो. मधूनमधून त्याला गावाकडे विश्रांतीला नेतात, तरी मला हा भाग खटकतो. शिवाय चार वर्षं घोडा बिनकामाचा पोसायचा म्हणजे मागे तिजोरी हवी. आधी सम्राटाची होती, आज सरकार मालक आहे आणि तिकिटांचा पैसा येतो.

सह्याद्रीत असं जमेल का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा प्रश्न तोच येणार. आपल्याकडची भीमथडी तट्टं दख्खनच्या खडकाळ मुलखातच कणखर झाली आणि मराठ्यांच्या फौजेने त्यांच्यावरच मजल मारली. जमीन आहे, जातही आहे. अडतं ते दिवसाच्या कमाईवर चालणाऱ्या मालकाचं. गिरिस्थानावर पर्यटक फिरवून पोट भरणाऱ्याला चार वर्षं थांबा म्हणणं सोपं नाही. मात्र नवखं घोडं नवख्या पोराच्या हाती द्यायचं नाही, हा नियम पाळायला एक पैसाही लागत नाही.