राजस्थानच्या वाळवंटातली पारंपरिक जत्रा पाहायची असेल तर कुठे आणि कधी जावे?

थरच्या वाळवंटातली एखादी जुनी जत्रा पाहण्यासाठी जैसलमेरच्या मरु महोत्सवाला जावे की पुष्करला, आणि घरातल्या मराठी दिनदर्शिकेवरून तारीख ठरवता येईल का, असे आपण विचारले आहे. नोकरीनिमित्त मी सहा वर्षे जोधपूरला राहिलो आणि सुट्टीच्या दिवशी जमेल त्या जत्रेला जात राहिलो, त्या अनुभवावरून उत्तर देतो. एकच जत्रा पाहणे शक्य असेल तर भाद्रपदात रामदेवऱ्याला जावे. गुरांचा बाजार पाहायचा असेल तर तिलवाड्याला जावे.

आधी तारखेविषयी, कारण तिथे चूक झाली तर सगळा प्रवास वाया जातो. आपला महिना अमावास्येला संपतो, राजस्थानात तो पौर्णिमेला संपतो. त्यामुळे शुद्ध पक्षातल्या तिथी दोन्हीकडे सारख्याच असल्या, तरी वद्य पक्षाला तिकडे पुढच्या महिन्याचे नाव असते. हे ध्यानात न घेता पहिल्या वर्षी मी हनुमानगढ जिल्ह्यातल्या गोगामेडीला भाद्रपद वद्य नवमीला पोहोचलो. तेव्हा आपला पितृपक्ष चालू होता, महिनाभर चाललेली जत्रा पौर्णिमेलाच उठली होती, आणि मैदानात चुलींचे काळवंडलेले दगड तेवढे राहिले होते. सर्पदंशापासून राखणारे गोगाजी हिंदूंचे वीर आणि मुसलमानांचे जाहरपीर आहेत; त्यांची गोगानवमी आपल्या श्रावण वद्य नवमीला, म्हणजे गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी येते. बिकानेर जिल्ह्यातल्या मुकामला, झाडे आणि प्राणी जपणाऱ्या बिश्नोई पंथाची जत्रा फाल्गुन अमावास्येला भरते, तीही आपल्या माघ अमावास्येला, महाशिवरात्रीला लागून, हेही त्याच हिशेबाने लक्षात ठेवावे.

मरु महोत्सव माघ शुद्ध त्रयोदशीपासून पौर्णिमेपर्यंत असतो. तो पर्यटन विभागाने आखलेला कार्यक्रम आहे. लांगा आणि मांगणियार गायक तिथे ऐकायला मिळतात, थंडीही सोसवेल अशी असते, तेव्हा लहान मुलांना घेऊन जाणार असाल तर तो सोयीचा आहे. मात्र त्याला नवस नाही आणि बाजारही नाही. पुष्करला दोन्ही आहेत. कार्तिक शुद्ध एकादशीपासून पौर्णिमेपर्यंतचे स्नान आणि त्याच्या आधीपासून भरणारा उंटांचा बाजार, असा तिथला जुना क्रम आहे. त्यामागचे कारण सरळ आहे: पावसाळ्यानंतर बाजरी, मूग, मटकी निघालेली असते, हाती थोडा पैसा आलेला असतो, जनावरे चाऱ्यावर पोसलेली असतात, आणि विकत घेण्याची व विकण्याची खरी वेळ तीच असते. आता मात्र त्या बाजारात उंट कमी आणि घोडे जास्त दिसतात. २०१२ च्या पशुगणनेत राजस्थानात सुमारे ३.२६ लाख उंट होते, ते २०१९ मध्ये २.१३ लाखांवर आले. चराऊ जमीन घटली, उंटाचे काम ट्रॅक्टरने घेतले. त्यात २०१५ च्या कायद्याने उंट राज्याबाहेर नेण्यावर बंधने आली आणि भाव पडला. उंट वाचवण्यासाठी केलेल्या कायद्याने उंट पाळणाऱ्या राईका लोकांचेच हात बांधले जावेत, याचे मला फार वाईट वाटते.

तिलवाडा बालोतऱ्याजवळ, लूणी नदीच्या काठी आहे. चौदाव्या शतकातले रावळ मल्लिनाथ यांच्या नावाने ही जत्रा नदीच्या कोरड्या पात्रातच भरते. त्यांच्याच नावावरून या भागाला मालाणी म्हणतात, आणि मालाणीचे घोडे प्रसिद्ध आहेत. जत्रेच्या दिवसांत पात्रात थोडेसे खणले तरी गोडे पाणी लागते, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे. तिकडच्या चैत्र वदी एकादशीपासून चैत्र सुदी एकादशीपर्यंत ती चालते, म्हणजे गुढीपाडव्याच्या चार-पाच दिवस आधी सुरू होते. कांकरेज आणि थारपारकर गुरे, घोडे आणि उंट यांच्या मधून हिंडताना सौद्याची बोलणी ऐकत उभे राहावे. घाई करू नये. याच पंधरवड्यात चैत्र शुद्ध तृतीयेला, आपल्याकडे चैत्रगौर बसते त्या दिवशी, तिकडे गणगौरीची मिरवणूक निघते, तेव्हा एक दिवस जोधपूरसाठी राखून ठेवावा.

आता रामदेवरा. पोखरणपासून सुमारे १२ किलोमीटरवर हे गाव आहे, जुने नाव रुणिचा. तंवर राजपूत कुळातल्या बाबा रामदेवांची समाधी तिथे आहे, आणि सध्याचे मंदिर बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांनी १९३१ मध्ये बांधले. समाधीजवळच डालीबाई या मेघवाळ भक्त स्त्रीची समाधी आहे. ज्या काळात तिच्या जातीच्या माणसाला देवळाची पायरी चढता येत नव्हती, त्या काळातल्या या संताच्या शेजारी तिला जागा मिळाली, हे मला या साऱ्या ठिकाणातले सर्वांत मोलाचे वाटते. मुसलमान भाविक बाबांना रामसा पीर म्हणतात. मक्केहून परीक्षा घ्यायला आलेल्या पाच पिरांची कथा तिथे कोणीही आपल्याला सांगेल.

भाद्रपद शुद्ध द्वितीया, म्हणजे 'बाबे री बीज', हा इथला मुख्य दिवस. त्याच्या कितीतरी आधीपासून खांद्यावर ध्वज घेतलेले जातरू 'जय बाबे री' म्हणत रस्त्याच्या कडेने चालू लागतात. वारी पाहिलेल्या माणसाला हे दृश्य ओळखीचे वाटेल. मात्र इथे पालखी नाही, दिंड्यांचा क्रम नाही, प्रत्येक संघ आपल्या गावाहून आपल्या वेळेने निघतो. वाटेवर फुकट जेवण देणारे, पायांचे फोड धुऊन मलम लावणारे मंडप असतात. नवसाला कापडाचे घोडे वाहतात, कारण बाबा घोड्यावरचे देव. हे घोडे तळहाताएवढ्यापासून माणसाएवढे असतात. रात्री जम्मा, म्हणजे भजनाचे जागरण होते. कामड जमातीच्या स्त्रियांचा तेराताली हा प्रकार तिथेच बसून पाहावा: उजव्या पायावर नऊ, दोन्ही कोपरांवर एकेक आणि हातांत एकेक, अशी तेरा मंजिरे बांधून बसल्या जागी त्या ताल धरतात.

बीज गणेशचतुर्थीच्या दोन दिवस आधी येते, त्यामुळे मराठी घराला ती गाठणे अवघड जाते. पण जत्रा पुढे दशमी-एकादशीपर्यंत चालते. दीड दिवसाच्या गणपतीचे विसर्जन करून निघालात, तर सप्तमी-अष्टमीपर्यंत जोधपूर–जैसलमेर लोहमार्गावरच्या रामदेवरा स्थानकात सहज उतरता येते. गर्दीही थोडी ओसरलेली असते. तिथून परतताना दशमीला जोधपूरजवळच्या खेजडलीला जावे. खेजडीची, म्हणजे शमीची, झाडे तोडू देण्याऐवजी १७३० मध्ये अमृतादेवींसह ३६३ बिश्नोईंनी तिथे प्राण दिले, आणि त्याच तिथीला जत्रा भरते. हवनात तूप आणि खोबरे वाहिले जाते, आणि बिश्नोई स्त्रिया घरातले सगळे सोने अंगावर घालून येतात. दुपारनंतर लोक परतू लागतात, म्हणून जोधपूरहून सकाळी लवकर निघावे.