पोरं खेळवायला दोन वर्षं कशाला शिकायचं?

कागल तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आलंय. थोरलीला बारावी आर्ट्‌सला ७८ टक्के पडलेत. तिला बालवाडीची बाई व्हायचंय, त्यासाठी दोन वर्षांची पदविका करायचीय आणि त्यावरून घरात रोज वाद. ते लिहितात, "नर्सिंगला घालतो म्हटलं तर नको म्हणते. चार पोरं खेळवायला दोन वर्षं आणि फी कशाला? ते तर तिची आजी पण करते."

नमस्कार.

आजीचं नाव काढलंत ते बरं झालं. नातवाच्या हातात पिठाचा गोळा देणारी, त्याला शेंगा सोलायला बसवणारी आजी नेमकं तेच करते. पण तिच्यापुढं नातू एकच असतो. बाईंपुढं पंचवीस पोरं, आणि त्यातलं कोण कुठं अडलंय ते रोज हेरायचं.

गेल्या बेंदराला मी शहरातल्या एका बालवाडीत जाऊन बसलो होतो. पोरं मातीचे बैल करत होती. एका चार वर्षांच्या गड्याच्या बैलाचं शिंग सारखं गळायचं. मी असतो तर लावून मोकळा झालो असतो. बाई गप्प. पोरानं आणखी पाणी घातलं, शिंग पारच लोंबलं. तिसऱ्या खेपेला त्यानं वरून कोरडी माती चोळली आणि आपल्याशीच म्हणाला, "वलं झालं की पडतंय." बाईंनी तेवढं वाक्य वहीत टिपलं आणि उद्या त्याच्यापुढं पीठ आणि पाणी ठेवायचं ठरवलं. कधी गप्प राहायचं आणि पुढं काय ठेवायचं, हे शिकायला दोन वर्षं जातात. काहींना तेवढीही पुरत नाहीत.

"लिहायला कधी लावणार?" हे पालकांचं ठरलेलं. तीन वर्षांच्या पोराच्या मनगटाची हाडं अजून पुरती तयार नसतात. माती मळून, कागद फाडून, चिमटीनं मणी उचलून बोटांत ताकद येते, पेन्सिल त्यानंतर. आकड्यांचंही तसंच. शंभरपर्यंत घडाघडा म्हणणाऱ्या पोराला सात चिंचोके मागून बघा, पुष्कळदा मूठभर हातावर ठेवतं.

हे काही परदेशी फॅड नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली पालघरकडच्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम मांडलं ते महागड्या साधनांऐवजी खडे, शिंपले, पानं घेऊन. आपल्या कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय काढलं. मुलगी तिथलं काम बघायला गेली तर उत्तम.

आता पैशाचं. सुरुवातीला पगार कमी आहे, हे मी लपवणार नाही. अंगणवाडी सेविकेला पगार नसतो, मानधन असतं. खाजगी बालवाड्यांत तर विचारूच नका. म्हणून पदवी सोडायची नाही. पूर्वप्राथमिकची दोन वर्षांची पदविका करता करता शिवाजी विद्यापीठाच्या दूरशिक्षणातून बी.ए. करता येईल. अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या मुख्यसेविकेच्या परीक्षेला पदवी लागतेच. पहिली ते पाचवीची शिक्षिका व्हायची इच्छा असेल तर मात्र वाट वेगळी, तिथं डी.एल.एड. ही शिक्षक पदविका आणि टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा लागते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं ३ ते ८ हे वय एकाच टप्प्यात धरलंय, त्यामुळं तीही वाट या कामापासून फार लांब नाही.

कोर्स निवडताना इमारत बघू नका. एकच विचारा, प्रत्यक्ष पोरांत किती दिवस काढायला लावता? माझ्याकडं एक मुलगी सहा महिन्यांचं रंगीत सर्टिफिकेट घेऊन आली होती. तक्ते ढीगभर केले होते, पोरांत एक दिवस बसली नव्हती. तिच्या वडिलांचे पैसे गेले ते गेलेच.

तेव्हा फी भरायच्या आधी लेकीला पंधरा दिवस गावातल्या अंगणवाडीत बसू दे. सेविकाताईंना विचारून, मदतनीस म्हणून. संध्याकाळी "काय शिकवलंस?" असं विचारू नका. कुठलं पोर आज काय करत होतं, ते विचारा. "सगळी गोड आहेत" एवढंच म्हणाली तर नर्सिंगचा विषय परत काढा. पण एखाद्या पोराबद्दल जेवण होईस्तोवर सांगत बसली, तर मुकाट्यानं फॉर्म आणा.