'लुक फॉरवर्ड टू'नंतर 'मीट' की 'मीटिंग'?

नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीत नुकत्याच लागलेल्या तरुणाने विचारलं आहे: ग्राहकाला पाठवायच्या ईमेलच्या शेवटी त्याने 'आय लुक फॉरवर्ड टू मीट यू' लिहिलं. साहेबांनी 'मीट' खोडून 'मीटिंग' केलं. शाळेत तर 'टू'नंतर क्रियापदाचं मूळ रूप येतं असं शिकवलेलं. मग खरं काय?

साहेबांचं बरोबर आहे. शाळेतला नियमही चुकीचा नाही, फक्त तो वेगळ्या 'टू'चा आहे. 'आय वाँट टू मीट यू'मधला 'टू' म्हणजे आपल्या 'भेटायचं आहे'मधलं '-यचं'. क्रियापदातच मुरलेलं. 'लुक फॉरवर्ड टू'मधला 'टू' मात्र आपल्या 'कडे'सारखा आहे. 'तुझ्या वाटेकडे डोळे लागलेत' म्हणतो ना, तो 'कडे'. त्याच्या आधी नामच लागतं. क्रियापद आणायचं झालं तर त्याचं आधी नाम करावं लागतं: 'भेटण्याकडे'. 'भेटायकडे' आपण चुकूनही म्हणत नाही. इंग्रजीत हेच काम 'मीटिंग' करतं. इथे त्याचा अर्थ ऑफिसातली बैठक नव्हे, तर 'भेटणं'. माझ्या मते या एका शब्दामुळेच आपल्याकडे लिहिणाऱ्याचा हात अडखळतो.

शंका आली की क्रियापदाच्या जागी एखादं नाम ठेवून पाहा. 'द चिल्ड्रन आर लुकिंग फॉरवर्ड टू तान्हा पोळा' चपखल बसतं. 'आय वाँट टू तान्हा पोळा' बसत नाही. जिथे नाम बसतं, तिथे क्रियापदाला '-इंग' हवं. म्हणून 'टू हिअर फ्रॉम यू' नाही, 'टू हिअरिंग फ्रॉम यू'. 'टू'च्या जागी 'फॉर'ही नको.

'यूज्ड टू'त तर दोन्ही 'टू' भेटतात. 'आय यूज्ड टू लिव्ह इन महाल' म्हणजे पूर्वी नागपूरच्या महाल भागात राहायचो. 'आय ॲम यूज्ड टू लिव्हिंग इन धिस हीट' म्हणजे या उन्हात राहायची सवय आहे. एवढ्याशा 'ॲम'ने पुढचं सगळं बदलतं.

अर्थाचंही थोडं सांगतो. आपण बर्डीच्या स्टॉपवर बसचीही 'वाट पाहून राहिलो' म्हणतो आणि दिवाळीला येणाऱ्या बहिणीचीही. इंग्रजीत बससाठी 'वेटिंग फॉर'. 'लुकिंग फॉरवर्ड'मध्ये ओढ आहे, आनंद आहे. त्यामुळे थकलेल्या बिलाची आठवण देताना ते वापरलेलं मला खटकतं.

तुमच्या ग्राहकाला 'आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू' असंच पाठवा, ते जास्त अदबीचं आहे. ओळख वाढली की 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड' लिहायला हरकत नाही. त्यात जवळीक येते.