वाचक विचारतात : लाकडी डेकची धुलाई आणि डागडुजी

प्रश्न : लाकडी डेक (घराला लागून असलेला फळ्यांचा उघडा ओटा) धुण्याची कंत्राटं नुकतीच घ्यायला लागलो आहे. दाबाने पाणी मारणारं मशीन आहे, २,५०० पीएसआयचं (चौरस इंचावर इतके पाउंड दाब), मिनिटाला ३ गॅलन पाणी देणारं. पाइनचा एक डेक धुतला. ओला असताना छान उजळलेला दिसला, पण वाळल्यावर फळ्यांवर लव आल्यासारखे तंतू उभे राहिले आणि फवाऱ्याचे पट्टेही उमटले. लहान मशीन घ्यावं का?

उत्तर : मशीन तेच राहू द्या, नोझल, म्हणजे फवाऱ्याचं तोंड, बदला.

आधी झालं काय ते पाहू. पाइनच्या फळीवर फिकट, रुंद पट्टे आणि गडद, बारीक रेषा एकाआड एक असतात. फिकट भाग वाढीच्या हंगामाच्या सुरुवातीचा, म्हणून मऊ. गडद भाग नंतरचा आणि टणक. जोराचं पाणी मऊ भाग कोरून नेतं आणि टणक रेषा वर राहतात. अशा फळीवर आडवं नख ओढलं तर कंगव्यावरून ओढल्यासारखं लागतं. सुटलेले तंतू ओलेपणी चपट बसलेले असतात, वाळले की उभे राहतात. म्हणून ओल्या फळीकडे बघून काम कसं झालं ते ठरवू नका.

पाइन, सिडारसारख्या मऊ लाकडाला ५०० ते ६०० पीएसआय पुरतात, कठीण लाकडाला १,००० ते १,२००. हा दाब नोझलच्या भोकावर ठरतो. नोझलवर ४०-०८ असं काहीतरी कोरलेलं असतं. पहिले दोन अंक फवाऱ्याचा कोन सांगतात, पुढचे भोकाचा नंबर. ४,००० पीएसआय दाबाला त्या भोकातून मिनिटाला जितके गॅलन पाणी जातं, तो त्याचा नंबर. पाणी तेवढंच ठेवून नंबर दुप्पट केला की दाब चौथाईवर येतो. तुमच्या ३ गॅलनच्या मशीनला ६ नंबर लावलात तर दाब १,००० च्या आसपास राहील, ८ नंबर लावलात तर साधारण ५६०. मिनिटाला ४ गॅलनच्या मशीनला हेच आकडे ८ आणि ११ नंबरवर मिळतात. पाणी कमी होत नाही, नुसता मार कमी होतो, आणि मळ वाहून न्यायला पाणीच लागतं.

कोन ४० अंशांचा ठेवा. म्हणजे पांढरं नोझल. हट्टी जागी हिरवं, २५ अंशांचं. त्याहून अरुंद धारेची पिवळं आणि लाल नोझलं डेकच्या कामाला पेटीतून बाहेर काढूच नका. लाल नोझलची धार कातडीत घुसते. वरून बारीक टोचल्यासारखं दिसलं तरी आत मोठी इजा झालेली असू शकते, त्यामुळे असं झालं तर घरी पट्टी बांधून न बसता थेट रुग्णालय गाठायचं.

पट्टे पडतात ते हाताच्या सवयीमुळे. एका जागी उभं राहून हात कमानीसारखा फिरवला की मधे नोझल फळीच्या जवळ येतं आणि दोन्ही टोकांना लांब जातं. त्याऐवजी फळीबरोबर चालत जा. ट्रिगर फळीपासून दूर धरून दाबा, फवारा सुरू झाला की खाली आणा आणि टोकाला पोचल्यावर आधी उचला, मग सोडा. सुरुवात दोन फुटांवरून करा, एका फुटाच्या आत जाऊ नका. फवारा नेहमी रेषांच्या दिशेने फिरवा, एका वेळी दोन-तीन फळ्या टोकापासून टोकापर्यंत.

राहिला करडेपणा. उन्हाने लाकडातलं लिग्निन (तंतू बांधून ठेवणारं द्रव्य) सुटतं, पावसाने वाहून जातं, वर सैल तंतू आणि बुरशी उरते. हे सगळं दाबाने खरवडायच्या मागे लागलात की लव येणारच. लिटरभर कोमट पाण्यात ५० ते ६० ग्रॅम सोडियम परकार्बोनेट (ऑक्सिजन सोडणारी सफाईची भुकटी) विरघळवा, फळ्या भिजवून त्यावर ते फवारा आणि १० ते १५ मिनिटं ओलं ठेवा. वाळायला लागलं तर वरून पाण्याचा हलका शिडकावा. फेस करडा होतो, मग मऊ ब्रश फिरवायचा आणि धुऊन टाकायचं. खरी सफाई इथे होते, मशीन फक्त खळखळून धुण्यापुरतं.

झालेल्या डेकवर उपाय म्हणजे पॉलिश पेपर, पण लाकूड पूर्ण वाळल्यावरच. आधी वर आलेले स्क्रू फळीच्या पातळीखाली बसवा. चालायच्या फळ्यांना ६० ते ८० नंबर पुरे. त्याहून बारीक घासलं तर पृष्ठभाग इतका गुळगुळीत होतो की नंतर लावायचं तेल आत शिरत नाही. कठड्याच्या हात ठेवायच्या फळीला मात्र १०० पर्यंत चालेल. डेक जुना असेल आणि लाकडाला आर्सेनिकयुक्त टिकाऊ द्रव्य दिल्याची शंका असेल, तर घासू नका. ती धूळ विषारी असते.

प्रश्न : सिडारच्या डेकवरचा जुना स्टेन (लाकडात मुरणारा रंग) कॉस्टिक सोड्याच्या स्ट्रिपरने, म्हणजे जुना थर सोडवणाऱ्या द्रव्याने, काढला. स्टेन निघाला, पण लाकूड काळपट तपकिरी झालं आणि खिळ्यांभोवती निळे-काळे डाग आले. ग्राहक म्हणतो लाकूड जाळलंत.

उत्तर : लाकूड जळलेलं नाही, काम अर्धं राहिलं आहे. सिडारमध्ये टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असतं आणि अल्कली (ॲसिडच्या उलट गुणाचं, कॉस्टिकसारखं द्रव्य) लागली की ते काळवंडतं. स्ट्रिपरनंतर ॲसिडचा हात द्यायचाच असतो. लिटरला ३० ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड विरघळवून ओल्या लाकडावर मारा. दहा-पंधरा मिनिटांत रंग डोळ्यांदेखत फिरतो. मग भरपूर पाण्याने धुवा. धुतल्यावर ओल्या फळीला लाल लिटमस कागद लावून पाहा. निळा झाला तर अल्कली अजून आहे. ती तशीच ठेवून वर स्टेन लावला तर तो धरत नाही आणि काही महिन्यांत उडतो, मग दोष डब्यावर जातो.

ॲसिडऐवजी परकार्बोनेट मारून स्ट्रिपरचा परिणाम उतरवता येईल असं काहींना वाटतं. परकार्बोनेट स्वतःच अल्कली आहे, त्याने काही होणार नाही.

निळे डाग हे लोखंड आणि टॅनिन यांच्या संयोगाचे. तेही ऑक्झॅलिकने जातात, पण साधे खिळे तसेच राहिले तर दोन-चार पावसांत परत येतील. तिथे स्टेनलेसचे किंवा गरम जस्तात बुडवलेले खिळे वापरा. ग्राहकाला हा खर्च आधी सांगितलेला बरा, नंतर सांगितला की सबब वाटते.

कॉस्टिकने काच खरबरीत होते आणि ॲल्युमिनियम डागळतं, तेव्हा दारं-खिडक्या आधी झाका. झाडं आधी आणि नंतर भरपूर पाण्याने भिजवा. ऑक्झॅलिक पोटात गेलं तर विष आहे. हातमोजे, चष्मा आणि भुकटी मिसळताना मास्क, यात चालढकल नको.

प्रश्न : परकार्बोनेटचं उरलेलं मिश्रण फवारणीच्या पंपात झाकण लावून ठेवलं होतं. सकाळी पंप फुगलेला!

उत्तर : फुटला नाही हे नशीब. पाण्यात पडल्यापासून त्यातून ऑक्सिजन सुटत राहतो. दोन-तीन तासांत संपेल एवढंच करा. उरलं तर उघड्या बादलीत काढून ठेवा. दुसऱ्या दिवशी त्यात जोरही नसतो.

प्रश्न : बुरशीला ब्लीच स्वस्त पडतं. मग बाकीची रसायनं कशाला?

उत्तर : ब्लीच बुरशी मारतं, हे खरं. पण ते लिग्निनवरही हल्ला करतं, म्हणजे उन्हाने जे नुकसान केलं त्यात आणखी भर. डेक पांढराफटक दिसतो, ग्राहकाला तो स्वच्छ वाटतो, आणि खिळे-स्क्रू गंजतात ते वेगळंच. वापरायचंच झालं तर फक्त हिरवट डागांच्या जागी, पातळ करून, आणि लगेच धुवा. ब्लीच नीट धुतल्याशिवाय त्यावर ऑक्झॅलिक किंवा दुसरं कुठलंही ॲसिड पडता कामा नये. क्लोरीन वायू सुटतो.

प्रश्न : २० बाय १२ फुटांच्या डेकला तेल-स्टेन किती लागेल? मी २४० चौरस फूट धरून दर दिला आणि तोट्यात गेलो.

उत्तर : कठडा विसरलात. घराची बाजू सोडली तर तीन बाजू होतात : १२ अधिक २० अधिक १२, म्हणजे ४४ फूट. उंची ३ फूट, दोन्ही अंगांनी रंगवायचा, म्हणून ४४ गुणिले ३ गुणिले २, झाले २६४ चौरस फूट. म्हणजे कठडा फरशीपेक्षा मोठा! दोन्ही मिळून ५०४. जुनं, तहानलेलं लाकूड पहिल्या हाताला गॅलनमागे १५० ते २०० चौरस फूटच झाकतं, तेव्हा तीन गॅलन धरा. कोरड्या, भेगाळलेल्या लाकडाला साडेतीन. पायऱ्या वेगळ्या मोजा, आडवी आणि उभी फळी दोन्ही.

मजुरीत कठड्याला आणखी जास्त धरा, कारण प्रत्येक गजाला चार बाजू असतात आणि ब्रश हातानेच चालवायचा असतो. कठडा आधी, फरशी शेवटी, नाहीतर ओघळ पुन्हा पुसत बसाल.

प्रश्न : तेल-स्टेन लावून चार दिवस झाले, अजून पाय चिकटतो.

उत्तर : सहसा दोनच कारणं : तेल जास्त झालं किंवा लाकूड ओलं होतं. धुतल्यावर चांगल्या हवेत निदान दोन-तीन दिवस जाऊ द्या आणि पिनांचा ओलावा-मीटर १५ टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय डबा उघडू नका. मीटर उन्हातल्या एका फळीला लावून भागत नाही. जिन्याखालच्या, सावलीतल्या फळीलाही टोचा. तिथेच घोळ असतो.

लाकूड पिईल तेवढंच तेल. लावल्यावर १५ ते ३० मिनिटांनी वर जे चकाकतं ते पुसून घ्या. आता चिकट राहिलेलं मिनरल टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या फडक्याने चोळून काढा. साय धरून घट्ट झालं असेल तर स्ट्रिपरशिवाय गत्यंतर नाही.

पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. स्टेनमधलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेताना तापतं, बोळ्यात ती उष्णता अडकते आणि काही तासांत बोळा ठिणगीशिवाय पेट घेऊ शकतो. चिंध्या मोकळ्या जागेत एकेक पसरून कडक वाळू द्या, नाहीतर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा. गाडीत मात्र नको.